'अंडर प्रेशर' पहिल्यांदा ऐकताय? मग असं ऐका

गेल्या महिन्यात भाच्याला 'अंडर प्रेशर' ऐकवलं. एका कानात इअरबड, दुसरा चार्जिंगला लावलेला, समोर जेवणाचं ताट, आणि दीड मिनिट ऐकून म्हणतो, मामा छान आहे, पण तू हे गाणं एवढं डोक्यावर का घेतलंयस? मला वाईट वाटलं, पण त्याच्यावर राग नाही आला, कारण चूक माझी होती, असं गाणं नुसतं लावून दिलं की होत नाही. मग रविवारी त्याला शेजारी बसवलं, दोन्ही कान मोकळे करून, आणि थांबवत थांबवत, मागे नेत, एकेक गोष्ट दाखवत ऐकवलं, सव्वा तास गेला आमचा. तेच सगळं इथे क्रमाने लिहितोय, मुख्यतः त्यांच्यासाठी ज्यांचे कान भावगीतांवर, नाट्यसंगीतावर, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर तयार झालेत आणि इंग्लिश रॉक म्हटलं की गोंगाटच आठवतो. इंग्लिश फार चांगलं यायला हवं असंही नाही.

आधी थोडी ओळख

हे गाणं दोघांनी मिळून केलेलं. एका बाजूला क्वीन, म्हणजे चार जणांचा ब्रिटिश बँड: फ्रेडी मर्क्युरी गायला आणि पियानोवर, ब्रायन मे गिटारवर, रॉजर टेलर ड्रम्सवर, जॉन डीकन बेस गिटारवर. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी, एकटा, पण दर दोन-तीन वर्षांनी नवा अवतार घेऊन येणारा. १९८१ पर्यंत दोघंही पक्के मुरलेले होते, कोणाला कोणाच्या नावाची गरज नव्हती. त्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात, माउंटन स्टुडिओत हे गाणं झालं. स्टुडिओ क्वीनच्याच मालकीचा होता, आणि बोवी आला होता त्यांच्या 'कूल कॅट' नावाच्या दुसऱ्याच एका गाण्यात मागे थोडा आवाज द्यायला. तो आवाज पुढे त्याच्याच सांगण्यावरून काढून टाकला गेला. पण त्या मुक्कामात पाचही जण वाजवत बसले, टेलरच्या एका अर्धवट गाण्यावरून सुरुवात झाली आणि त्यातून हे भलतंच निघालं. सुरुवातीला त्याला 'पीपल ऑन स्ट्रीट्स' म्हणत होते. २६ ऑक्टोबर १९८१ ला सिंगल, म्हणजे सुटं गाणं, बाहेर आलं, नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. अमेरिकेत मात्र २९ च्या वर गेलं नाही. पुढच्या वर्षी क्वीनच्या 'हॉट स्पेस' अल्बममध्ये शेवटचं गाणं म्हणून घातलं. गीतकार-संगीतकार म्हणून पाचही नावं आहेत.

आणि हो, फ्रेडी आपला निम्मा पाचगणीचा. जन्म झांझिबारचा, घराणं गुजरातेतून तिकडे गेलेलं पारशी, खरं नाव फारुख बुलसारा, आणि लहानपणीच त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवला होता. पियानो तो तिथे शिकला, आणि शाळेतल्या पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही तिथेच काढला. आपण पाचगणीला जातो, टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढतो, स्ट्रॉबेरी क्रीम खातो आणि परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या शाळेच्या रस्त्यावरून एक चक्कर मारा, मला तरी तिथे दर वेळी भरून येतं.

पायरी १: तयारी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हे मी हात जोडून सांगतोय, कारण या गाण्याचा पाया म्हणजे बेस गिटार, आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ येतच नाही, म्हणजे इमारत दिसते पण खालची जमीन गायब. साधा पाचशे रुपयांचा वायरवाला हेडफोन चालेल पण दोन्ही कानांत हवा, कारण डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं ठेवलेलं आहे. बेस बूस्ट, थ्रीडी साउंड वगैरे जे काय चालू असेल ते बंद करा.

आणि कुठलं लावताय ते बघा. सर्च केलं की एकाच नावाची दहा-बारा निघतात. आपल्याला १९८१ ची मूळ आवृत्ती पाहिजे, चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद. रिमास्टर (तेच ध्वनिमुद्रण, फक्त साफ केलेलं) लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा, रिमिक्स (मोडून नव्याने जुळवलेलं) असेल तर आत्ता नको. १९९९ मध्ये 'राह मिक्स' म्हणून एक निघालं होतं, तेही नंतर कधीतरी. कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी गायलेलं, तर नकोच, कितीही व्ह्यूज असले तरी.

पायरी २: एकदा नुसतं ऐकून टाका

काही शोधू नका, शब्द वाचू नका, डोळे मिटून चार मिनिटं बसा. आवडलं नाही तरी चालेल. मध्येच एकदम शांत झाल्यासारखं वाटेल, गाणं संपलं की काय असं, तिथे थांबवू नका एवढंच.

पायरी ३: बेस पकडा

आता परत लावा आणि फक्त पहिली पंधरा-वीस सेकंदं ऐका. सुरुवातीलाच खालून ते डम डम डम डडा-डम डम येतं. मोजा, सात ठोके आहेत. घरात पेटी असेल तर काढाच, खरंच, दोन मिनिटांचं काम आहे: पांढरी दोनला सा धरा आणि सहा वेळा तोच सा वाजवा, तीन सुटे, मग दोन जलद, मग एक, आणि सातवा सूर मंद्रातला पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी सहा. संपलं. जगभर ओळखली जाणारी ही धून म्हणजे फक्त सा आणि प! आपल्या तानपुऱ्यात जे दोन सूर असतात तेच. माझ्याकडे वडिलांची जुनी पेटी आहे, तिचा भाता थोडा गळका झालाय, तिच्यावर मी भाच्याला हे वाजवायला लावलं तर पोराने कधी पेटीला हात लावला नव्हता तरी पाच मिनिटांत त्याला जमलं, आणि मग तो काय थांबेना.

पण आता नीट बघा, हे सात सूर तीन मात्रांत बसवलेत आणि चौथी मात्रा रिकामी सोडलीय. माझ्या मते सगळं मर्म त्या रिकाम्या मात्रेत आहे. सात सूर, मग श्वास, सात सूर, मग श्वास, आणि त्या मोकळ्या जागेत मग कधी पियानोचा एखादा उंच सूर येऊन पडतो, कधी काहीच नाही. चुटक्या आणि टाळ्याही आहेत, त्या कुठल्या मात्रेवर पडतात ते तुम्हीच शोधा, सांगून मजा जाईल. पूर्ण गाण्यात हीच युक्ती आहे, जागा सोडायची आणि दुसऱ्याला आत येऊ द्यायचं. हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ही बेसलाइन नक्की कोणाची यावर त्या पाच जणांच्याच आठवणी जुळत नाहीत. जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की डीकनने ती वाजवून काढली, मग सगळे पिझ्झा खायला गेले, परत आले तर डीकन ती साफ विसरलेला आणि टेलरच्या लक्षात राहिली होती म्हणून वाचली. डीकनने मात्र एकदा श्रेय बोवीला दिलं होतं. आणि हो, कोणीतरी नक्की म्हणेल अरे हे तर 'आइस आइस बेबी'. ते रॅप गाणं १९९० चं, व्हॅनिला आइसचं. त्याने ही धून उचलली होती, आधी श्रेय दिलं नव्हतं, मग प्रकरण मिटवावं लागलं आणि क्वीन-बोवीची नावं लागली. मूळ हे आहे.

पायरी ४: दोन आवाज वेगळे काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथे घाई करू नका. नवख्या कानाला सुरुवातीला दोन्ही आवाज एकच वाटतात, विशेषतः जिथे ते एकत्र गातात. ओळखायची सोपी खूण सांगतो. सुरुवातीला जे बिनशब्दांचं चाललेलं असतं, उम बा बा बे टाइप, आपल्या तराण्यासारखं, तो फ्रेडी. वर चढतो तो फ्रेडी. आवाज छातीतून येतोय, जड आहे, शब्द बोलल्यासारखे नीट उच्चारतोय, तो बोवी. पहिली मुख्य ओळ जो जोरात आणतो, ज्यात हा दाब माझ्यावर तुझ्यावर पडतोय असं आहे, तिथे बोवी पुढे आहे. त्यानंतर जगाचं खरं रूप कळल्याची धास्ती सांगतो तो बोवी, आणि लगेच वरच्या पट्टीत उद्याचा दिवस मला वर उचलू दे अशी प्रार्थना करतो तो फ्रेडी. बोवी जमिनीवर उभा आहे आणि फ्रेडी उडतोय असं मी भाच्याला सांगितलं तर त्याला लगेच कळायला लागलं.

एक वही घ्या, दोन रकाने पाडा, आणि कोण कधी येतो ते लिहीत जा. शाळेतल्यासारखं वाटेल पण करा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला लक्षात येईल की ते एकमेकांना तोडत नाहीत, एकाचं वाक्य जिथे थकतं तिथे दुसऱ्याचा आवाज उचलतो.

आता यातली खरी आश्चर्याची गोष्ट. आपल्याला जुगलबंदी म्हटलं की दोन कलाकार समोरासमोर, एकाने हरकत घ्यायची, दुसऱ्याने मान डोलवून उत्तर द्यायचं, असं डोळ्यासमोर येतं. इथे तसं झालेलंच नाही! ब्रायन मेने नंतर सांगितलंय की प्रत्येकाने एकेकट्याने आत जाऊन, संगीत ऐकून जे सुचेल ते गायचं असं ठरलं, शब्द नाहीत, चाल ठरलेली नाही, आणि मग त्या सगळ्या टेपांमधून चांगले चांगले तुकडे निवडून गाणं जोडलं. म्हणजे जो सवाल-जवाब आपण ऐकतो तो बराचसा नंतर कापून-जोडून बसवलेला आहे. फ्रेडीचं ते तराण्यासारखं गुणगुणणं तसंच ठेवलं, त्याच्या जागी शब्द घातलेच नाहीत, आणि बरं झालं नाही घातले. मला हे कळलं तेव्हा आधी थोडं खट्टू व्हायला झालं, मग परत ऐकलं आणि वाटलं की याने उलट मान वाढतो, कारण दोन माणसं एकमेकांना न ऐकता एकाच दुखण्याबद्दल गायली आणि ती एवढी जुळली.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही समजू नका. सगळे आपापल्या जागी राजे. शब्दांचा ताबा बोवीने घेतला, मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवण्याचं काम, न्यूयॉर्कला झालं, आणि ब्रायन मे याला गिटार बरीच जड आणि मोठी पाहिजे होती, ती मागे गेली, त्याने माघार घेतली आणि ते मिक्स आपल्याला पटलं नव्हतं असं पुढे मोकळेपणाने बोललाही. मला त्याची बाजू कळते. पण गिटार मागे गेली म्हणून त्या रिकाम्या मात्रा वाचल्या, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५: मधली शांतता

साधारण निम्म्यावर, दोन मिनिटांच्या आसपास, सगळं खाली बसतं. ड्रम्स जवळजवळ थांबतात, चुटक्या राहतात, आणि हळू आवाजात ओळी येतात की मी आंधळ्यासारखा या सगळ्याकडे पाठ फिरवली, कुंपणावर बसून पाहिलं, त्यानेही काही होत नाही. मग प्रेमाचं नाव निघतं पण ते फाटकंतुटकं झालंय. आणि तिथून फ्रेडी एकच शब्द घेतो, 'का', आणि वर, अजून वर, अजून वर नेतो. इथे आवाज थोडा वाढवा. तो शेवटचा उंच सूर ऐकताना मी अजूनही हातातलं काम ठेवतो. त्यात कुठेही मी कसा चढलो बघा असं नाहीये, एखादं माणूस हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून देवाला विचारतं तसा तो 'का' आहे.

मग ड्रम्स परत येतात आणि गाणं अक्षरशः उसळतं. हा दहा-पंधरा सेकंदांचा चढ चार-पाच वेळा मागे घेऊन ऐका. आधीची शांतता नसती तर हा उसळा बसला नसता, हे तेव्हा कानाला कळतं, कोणी समजावायला लागत नाही.

पायरी ६: आता शब्द वाचा

आता शब्द उघडा, आधी नाही. सुरुवातीला दाबाचं वर्णन आहे, जो घरं जाळतो, कुटुंबं तोडतो, माणसं रस्त्यावर आणतो. एक ओळ आहे तिचा भाव आपल्याकडच्या दुष्काळात तेरावा महिना सारखा. अवघड इंग्लिश कुठेच नाही. ज्या ओळीसाठी एवढा वेळ बसलो ती शेवटाकडे आहे, बोवी गातो: प्रेम हा जुनाट शब्द झालाय, आणि प्रेम तुम्हाला आव्हान देतं की रात्रीच्या काठावर उभ्या माणसांची काळजी घ्या, स्वतःची काळजी घ्यायची आपली रीत बदला. पहिल्या कडव्यात जी माणसं रस्त्यावर आली होती तीच इथे परत येतात, या वेळी आपण त्यांच्याकडे बघतो का एवढाच प्रश्न असतो.

पायरी ७: व्हिडिओ

यात ना क्वीन दिसतात ना बोवी, सगळे बिझी होते. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेटने जुनी चित्रफीत जोडून व्हिडिओ केला: गच्च भरलेल्या ट्रेन, ट्रॅफिक, कोसळणाऱ्या इमारती, मूकपटांतले तुकडे, अगदी १९२२ च्या 'नोस्फेरातू'चेही, आणि मग माणसं एकमेकांना मिठ्या मारताना. उत्तर आयर्लंडमधल्या स्फोटांची दृश्यं होती ती ब्रिटिश टीव्हीवर काढावी लागली. ट्रेनमध्ये माणसं कोंबतानाचे शॉट बघून ठाणे-दादर करणाऱ्या कोणालाही काही समजवायची गरज नाही.

पायरी ८: लाइव्ह, पण या क्रमाने

आधी क्वीनचा कॅनडातल्या माँट्रियलचा कार्यक्रम, नोव्हेंबर १९८१, गाणं तेव्हा महिनाभराचंच होतं. बोवी नाही, फ्रेडी आणि रॉजर टेलर मिळून दोन्ही बाजू सांभाळतात, आणि ड्रम्स वाजवत वाजवत टेलर ज्या पट्टीत जातो ते बघाच. मग लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधला, १९८६ चा. फ्रेडी आणि बोवी स्टेजवर हे गाणं एकत्र कधीच गायले नाहीत. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात दोघंही वेम्ब्लीच्या एकाच स्टेजवर तासाभराहूनही कमी अंतराने होते, तरी नाही. मला ही रुखरुख कायमची आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. २० एप्रिल १९९२ ला त्याच वेम्ब्लीत त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम झाला आणि बोवीने हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर गायलं, फ्रेडीच्या जागी गायिका अ‍ॅनी लेनॉक्स, मागे क्वीनचे उरलेले तिघं. तोपर्यंत जवळजवळ अकरा वर्षं त्याने ते स्टेजवर घेतलंच नव्हतं. या कार्यक्रमाच्या तालमीचीही क्लिप आहे, बाजूला गायक जॉर्ज मायकल उभा राहून स्वतःशीच गातोय, ती शोधाच. मग १९९५ पासून बोवीच्या बँडमधली बेसिस्ट गेल अ‍ॅन डॉर्सी हे गाणं त्याच्यासोबत गायला लागली, बेसही तीच वाजवते आणि फ्रेडीचे सूरही तीच गाते. बोटं खाली सा आणि प धरून आहेत आणि गळा वर आभाळात, हे एका माणसाकडून होताना बघणं म्हणजे पायरी ३ आणि ४ एकत्र.

कोणी स्वित्झर्लंड टूरला निघालं असेल तर माँत्रो सोडू नका, तळ्याकाठी फ्रेडीचा पुतळा आहे, आणि कॅसिनोत जिथे तो स्टुडिओ होता तिथे २०१३ मध्ये संग्रहालय केलंय. चालू आहे का ते आधी बघून जा.

पायरी ९: फक्त आवाज

सगळ्यात शेवटी वाद्यं काढून टाकलेला, नुसत्या आवाजांचा ट्रॅक ऐका, नेटवर सहज मिळतो. रात्री, दिवा घालवून. श्वास ऐकू येतात, फ्रेडीचा आवाज वर कसा पातळ होत जातो ते कळतं, बोवीच्या शब्दांची धार कळते. भाच्याला हा ऐकवला तेव्हा तो काही बोललाच नाही, फक्त हात पुढे करून फोन मागितला आणि परत सुरुवातीला नेला.

आणि मग पुन्हा मूळ गाणं, पूर्ण, न थांबवता. त्याआधी ऑटोप्ले बंद करा. शेवटी एकेक वाद्य गळून जातं आणि चुटक्या तेवढ्या राहतात, त्यावर लगेच दुसरं गाणं येऊन आदळता कामा नये.